सूत भारतीय आहे हे सांगणारा कागद मिळू द्या : विदेश व्यापार महासंचालनालयाला खुलं पत्र

प्रति,
महासंचालक,
विदेश व्यापार महासंचालनालय,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली

विषय : व्यापार करारांखालील उत्पत्ती प्रमाणपत्रासाठी कच्च्या मालाच्या पुरवठादाराचं अधिकृत जाहीरपत्र सुरू करण्याबाबत

सन्माननीय महोदय,

सोलापुरात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. निर्यातीची कागदपत्रं मी बघते. आसपासच्या काही कारखानदारांचे अर्जही माझ्याच टेबलावर भरले जातात, कारण त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा माणूस नाही. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग हे सगळं एव्हाना आमच्या अंगवळणी पडलं आहे. गाडी अडते ती सीओओपाशी, म्हणजे माल कुठल्या देशाचा हे सांगणाऱ्या उत्पत्ती प्रमाणपत्रापाशी. तिथेही पोर्टल अडवत नाही. प्रमाणपत्रामागे जो पुरावा लागतो, तो आमच्या हातात नसतो. तो सूतगिरणीकडे असतो, आणि सूतगिरणीने तो आम्हाला द्यावा अशी कुठलीही व्यवस्था आज देशात नाही. ही व्यवस्था आपण उभी करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

जे चांगलं झालं आहे ते आधी सांगते, कारण ते खरं आहे. २०१९ च्या सप्टेंबरात सीओओचं सामाईक पोर्टल आलं. त्याआधी छापील फॉर्म टाइप करायचा, शिक्क्यासाठी माणूस दुसऱ्या शहरात पाठवायचा आणि त्याच्या परतीच्या गाडीची वाट बघायची, अशी रीत होती. पोर्टलने ती संपवली. पुढे दुसरी आवृत्ती आली. तिच्यात एका कंपनीच्या अनेक माणसांना काम करता येऊ लागलं, डिजिटल सहीच्या टोकनला आधार ई-साइनचा पर्याय मिळाला, चुकलेल्या प्रमाणपत्राच्या बदली दुसरं मागण्याची सोयही ऑनलाइन झाली. १ जानेवारी २०२५ पासून बिनसवलतीची, म्हणजे शुल्कात सूट न देणारी, प्रमाणपत्रंही याच पोर्टलवरून काढणं बंधनकारक झालं. सोलापूरसारख्या ठिकाणी बसून काम करणाऱ्यांना या बदलाने किती दिलासा दिला, हे मुंबईतल्या निर्यातदाराला कदाचित कळणार नाही.

पण सोय झाली ती अर्जाची. पुराव्याचं काम होतं तिथेच आहे.

हे पत्र आमच्या धंद्यातली नवी मुलंही वाचतील, म्हणून एक फरक इथे मांडून ठेवते. सीओओ दोन प्रकारचं असतं. एक चेंबर, म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना, देतं. माल भारतात तयार झाला एवढंच ते सांगतं. बँकेच्या एलसीसाठी (पतपत्रासाठी) किंवा खरेदीदाराच्या कागदांसाठी ते लागतं, पण त्याने आयातशुल्कात एक रुपयाही सुटत नाही. दुसरं सवलतीचं. ते एखाद्या ठरावीक व्यापार कराराखाली निघतं आणि समोरच्या देशातलं शुल्क कमी किंवा शून्य करतं. खरेदीदार ईमेलमध्ये नुसतं ‘सीओओ पाठवा’ असं लिहितो, नवखा निर्यातदार चेंबरचं पाठवतो, आणि सवलत असूनही खरेदीदार दुबईत पूर्ण शुल्क भरून मोकळा होतो. हे आमच्या भागात अजूनही घडतं. पोर्टलवर अर्ज सुरू करतानाच ‘या देशाशी आपला करार आहे, सवलतीचं प्रमाणपत्र हवं का?’ असा ठळक प्रश्न मराठी-हिंदीत विचारला गेला, तर अनेकांचे पैसे वाचतील. हे काम लहान आहे, लगेच होण्यासारखं आहे.

आता मुख्य गोष्ट. यात पैसा किती गुंतला आहे तेही सांगते. संयुक्त अरब अमिरातीत टॉवेलवर ५ टक्के शुल्क लागतं. १ मे २०२२ ला लागू झालेल्या करारामुळे आपल्या कापडमालाला ते शून्य झालं. ऑस्ट्रेलियातही ५ टक्के होतं, तेही २९ डिसेंबर २०२२ पासून गेलं. एका कंटेनरमध्ये समजा ४० लाखांचा माल असेल, तर ५ टक्के म्हणजे २ लाख. टॉवेलच्या धंद्यात एवढ्यावर ऑर्डर इकडची तिकडे जाते. अमिरातीत हे ५ टक्के भरूनच विकणारा पाकिस्तानचा टॉवेल आमच्या समोर उभा आहे. त्याच्यापेक्षा आमच्या बाजूला जास्त काय आहे, तर हा करार, आणि करार वापरायचा तर प्रमाणपत्र हवं.

प्रमाणपत्र हवं तर माल ‘भारतीय उत्पत्तीचा’ आहे हे कराराच्या नियमाने दाखवावं लागतं. आशियान गटातल्या आग्नेय आशियाई देशांबरोबरच्या, १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या कराराचंच उदाहरण घेते, कारण त्याचा सर्वसाधारण नियम सरळ आहे. बाहेरून आलेल्या कच्च्या मालाचा सहा आकडी एचएस कोड (मालाच्या जागतिक वर्गीकरणाचा क्रमांक) तयार मालात बदललेला असला पाहिजे, आणि एफओबी किमतीत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीत, करारातल्या देशांचा वाटा किमान ३५ टक्के असला पाहिजे. पहिली अट टॉवेल सहज पुरी करतो. कापूस ५२०१ मध्ये, सुती सूत ५२०५ मध्ये, तयार टॉवेल ६३०२ मध्ये. कोडच काय, त्याचे पहिले दोन आकडे, म्हणजे अख्खं प्रकरण बदलतं.

अडचण दुसऱ्या अटीत आहे. मूल्यवृद्धीच्या या हिशोबात एफओबी किमतीतून वजा करायच्या दोन गोष्टी आहेत. एक, कराराबाहेरच्या देशातून आलेला माल. दुसरी, ज्याची उत्पत्ती ठरवता येत नाही असा माल. दोन्ही एकाच पारड्यात जातात. म्हणजे सूत कुठल्या कापसाचं आहे याचा कागद माझ्याकडे नसेल, तर नियमाच्या लेखी ते सूत परक्या देशाचं. यवतमाळच्या शेतकऱ्याने पिकवलेला कापूस, जालन्याच्या जिनिंगमध्ये सरकी काढून गाठी बांधलेला, महाराष्ट्रातल्याच सूतगिरणीत कातलेला, आणि सोलापुरात टॉवेल होईपर्यंत तो परदेशी ठरतो. फक्त एक कागद नाही म्हणून.

आकड्यांत मांडते. समजा टॉवेलची एफओबी किंमत १०० रुपये आहे आणि त्यातले ५८ रुपये सुताचे आहेत. सुती टॉवेलमध्ये खर्चाचा सगळ्यात मोठा भाग सुताचाच असतो. उत्पत्तीचा कागद नसेल तर हे ५८ रुपये वजा होतात आणि भारताचा वाटा ४२ टक्के उरतो. ३५ टक्क्यांच्या नियमात माल बसतो. ज्या करारात ४० टक्के लागतात तिथेही कसाबसा बसतो. मग कापसाचे भाव चढतात, सूत ६६ रुपयांवर जातं, आणि टॉवेलचा भाव तर आम्ही खरेदीदाराला चार महिन्यांपूर्वीच दिलेला असतो. वाटा ३४ टक्के झाला. तोच माग, तेच कामगार, तोच विदर्भाचा कापूस, पण टॉवेल भारतीय राहिला नाही. आणि कागद असता तर? तर सूत भारतीय धरलं गेलं असतं आणि बाहेरून आलेला माल म्हणून फार तर रंग-रसायनांचा थोडा भाग वजा झाला असता. वाटा ९० टक्क्यांच्या पुढे. सुताचा भाव कितीही हलला तरी चिंता नाही.

सवलत कारखान्यातल्या कामावर ठरायला हवी. आज ती कागदावर ठरते आहे, आणि तो कागद देणं कोणाचंच काम नाही.

सूतगिरण्या हा कागद, म्हणजे सुताच्या उत्पत्तीचं जाहीरपत्र, का देत नाहीत, हे मी अनेकांना विचारून पाहिलं आहे. त्यांचंही म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. ठरलेला नमुना नाही, त्यामुळे प्रत्येक निर्यातदार आपापल्या भाषेत काहीतरी लिहून आणतो आणि गिरणीचा वकील सही करायला घाबरतो. उद्या परदेशातून तपासणी आली तर आपल्यावर काय येईल, हे त्यांना माहीत नाही. गिरणीचा यात फायदाही काही नाही, शुल्क सुटतं ते परदेशातल्या खरेदीदाराचं. शिवाय आमच्यासारखे छोटे लोक गिरणीकडून थेट सूत घेतच नाहीत. घेतो व्यापाऱ्याकडून. गोणीवर कधी गिरणीचं नाव असतं, कधी नसतं, आणि आपण कुठल्या गिरणीचं सूत विकतो हे व्यापाऱ्याला उघड करायचं नसतं, कारण उद्या गिऱ्हाईक थेट गिरणीकडे जाईल ही त्याची भीती. ती खोटी नाही.

आणि ही साखळी गिरणीपाशी संपत नाही. सोलापुरात एका छताखाली सगळं करणारे मोठे कारखाने आहेत, पण बहुतेकांचं काम वाटलेलं आहे. सूत रंगवायला एकाकडे, सायझिंग दुसरीकडे, विणायला माग तिसऱ्याचे, कडा शिवायला बायका आणखी कुठे तरी. प्रत्येक टप्पा जॉबवर्कचा. अर्जासोबतच्या खर्चपत्रकात कच्चा माल, मजुरी, वीज, इतर खर्च, नफा असे रकाने भरताना हा सगळा वाटलेला खर्च एकत्र आणावा लागतो. ज्यांच्याकडे अकाउंटंट आहे त्यांचं होतं. ज्यांचा हिशोब वहीत आहे ते सवलतीच्या वाटेलाच जात नाहीत. करार करताना देशाने जी सवलत मिळवली, ती आमच्यातल्या सगळ्यात छोट्यापर्यंत पोचत नाही ती अशी.

जाता जाता एक गोष्ट. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. अर्थात मानांकन आणि कराराची उत्पत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच्या जोरावर दुसरं मिळत नाही, मिळू नयेही. पण ज्या गावाच्या मालाचं मूळ सरकारने इतक्या तपशिलाने नोंदवलं आहे, त्याच गावाच्या मालाला सुताचं मूळ सांगता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

तर माझी मागणी. युरोपीय संघात पुरवठादाराच्या जाहीरपत्राची पद्धत आहे. कच्चा माल किंवा अर्धा तयार माल विकणारा, ठरलेल्या मजकुरात लिहून देतो की हा माल अमुक करारांच्या नियमांप्रमाणे युरोपीय उत्पत्तीचा आहे. एकाच गिऱ्हाइकाला नियमित पुरवठा असेल तर प्रत्येक खेपेला वेगळं पत्र लागत नाही, दीर्घ मुदतीचं एकच पत्र चालतं, आणि ती मुदत दोन वर्षांपर्यंत असू शकते. निर्यातदार ते फाइलला लावतो आणि पुढे जातो. छोट्या उद्योजकाला यासारखी दुसरी मदत नाही.

असं जाहीरपत्र आपल्याकडे आपल्या कार्यालयाने ठरवून द्यावं. मजकूर एकच, इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषांत. मुदत एक वर्षाची. त्यात पुरवठादाराची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे स्पष्ट लिहिलेलं, म्हणजे गिरणीच्या वकिलाची भीती जाईल. ते सीओओच्या पोर्टलवर जीएसटी क्रमांकाला जोडून गिरणीने स्वतः चढवावं. मग माझ्या अर्जात मी फक्त त्या जाहीरपत्राचा क्रमांक टाकीन. व्यापाऱ्याची अडचणही यात सुटू शकते. गिरणीचं नाव अधिकाऱ्याला दिसावं, मला दिसलं नाही तरी चालेल. मला सुताची उत्पत्ती हवी आहे, त्याचं गिऱ्हाईक नको आहे.

यासाठी सगळं नव्याने बांधावं लागणार नाही. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसच्या नमुन्यात प्रत्येक मालापुढे मूळ देशाचा रकाना आधीपासूनच आहे. तो ऐच्छिक आहे, म्हणून रिकामा राहतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या सगळ्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे, म्हणजे बहुतेक सूतगिरण्या त्यात आल्या. तो रकाना भरला म्हणजे कराराचा पुरावा पूर्ण झाला असं मी म्हणत नाही. करारांचे नियम त्याहून बारीक असतात. पण सुताच्या बिलावर मूळ देश लिहिण्याची सवय एकदा लागली, की जाहीरपत्र देणं गिरणीला जड जाणार नाही. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि जीएसटीचं नेटवर्क यांच्याशी बोलून सुतापुरता हा रकाना सक्तीचा करता येईल का, हे आपण पाहावं. राज्य सरकारलाही या पत्रातून विनंती करते : महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांना सरकारने भागभांडवल दिलेलं आहे. निदान त्या गिरण्यांनी तरी सुरुवात करावी. सरकारचा पैसा असलेल्या गिरणीने, सरकारने केलेल्या कराराचा लाभ मिळवून देणारा कागद द्यावा, ही मागणी जास्त नाही.

हे आत्ताच का, असं विचाराल. तीन कारणं आहेत आणि तिन्ही गेल्या काही काळातली.

१९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं आणि पुढे ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली गेली. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळाला, ठीक आहे. पण परदेशी गाठी गिरण्यांत आल्या की सुतात मिसळ होते. टॉवेलचं जाड सूत बहुतेक देशी कापसाचंच असतं, लांब धाग्याचा परदेशी कापूस बारीक सुतासाठी जातो, हे आम्ही जाणतो. तपासणी करणारा परदेशी अधिकारी मात्र आमच्या जाणण्यावर विसंबणार नाही. ज्या वर्षी आयात सोपी झाली, त्याच वर्षानंतर मूळ विचारणारे प्रश्न वाढणार.

दुसरं, २०२५ च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. सोलापुरातून टॉवेल घेणारे अमेरिकेतले खरेदीदार ‘थांबा’ म्हणाले तेव्हा आम्हाला दुसऱ्या बाजारांचं महत्त्व कळलं. अमिराती, ऑस्ट्रेलिया, जपान, आग्नेय आशिया. जपानशी आपला करार १ ऑगस्ट २०११ पासून आहे. या सगळ्या वाटा कागदावर मोकळ्या आहेत. त्यांवरून जायचं तर उत्पत्ती दाखवता आली पाहिजे. आज अमेरिकेचं शुल्क किती आहे आणि उद्या किती होईल हे आमच्या हातात नाही, पण सुताचा कागद आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.

तिसरं कारण मला सगळ्यात गंभीर वाटतं. करारांची दिशा आता स्वयंघोषणेकडे चालली आहे. युरोप विकसनशील देशांना देतो त्या जीएसपी सवलतीसाठी २०१७ पासून आपण रेक्स पद्धतीत आलो, तिथे नोंदणी केलेला निर्यातदार इन्व्हॉइसवरच उत्पत्तीचं विधान लिहितो. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनबरोबर जो करार झाला, त्यातही निर्यातदाराला स्वतः उत्पत्ती घोषित करण्याची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये कपडे-कापडावर १२ टक्क्यांपर्यंत शुल्क होतं, त्यामुळे त्या करारावर आमच्या भागाची नजर आहे. स्वयंघोषणा म्हणजे वेळ वाचला, फी वाचली, हे सगळे सांगतात. पण आज माझा अर्ज एक अधिकारी बघतो. काही कमी असेल तर तो मला विचारतो. उद्या माझ्या सहीवर माल जाईल आणि चूक असली तर ती कळेल दोन वर्षांनी, समोरच्या देशाच्या सीमाशुल्क विभागाचं पत्र आल्यावर. तोवर कारखान्यात ते सूत नसेल, तो व्यापारी कदाचित धंद्यात नसेल. पुरावा दाखवता आला नाही तर खरेदीदाराला मागचं सगळं शुल्क भरावं लागेल, दंडासह, आणि ते तो माझ्याकडून वसूल करील. साधारण पाच वर्षं कागद जपून ठेवा, असं बहुतेक करार सांगतात. जपायला आधी कागद मिळाला पाहिजे.

हे नुसतं भय नाही. आपण स्वतःच आपल्या आयातदारांकडून हे मागतो. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे, सवलतीच्या दराने माल आणणाऱ्या भारतीय आयातदाराने नुसतं परदेशी प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. माल तिथे कसा तयार झाला, मूल्यवृद्धी किती झाली, ही माहिती त्याच्याकडे असावी लागते आणि पाच वर्षं ठेवावी लागते. तिसऱ्या देशाचा माल करारातल्या देशाचं लेबल लावून आत येऊ नये म्हणून हे केलं, आणि योग्यच केलं. मग समोरचा देशही आमच्या खरेदीदाराकडे हेच मागणार, आणि तो आमच्याकडे. दार दोन्ही बाजूंनी उघडतं. आयातीच्या बाजूने आपण कडक झालो, तर निर्यातीच्या बाजूने आपल्याच माणसाला तयार करणं हे त्याच कामाचं दुसरं अंग आहे.

अर्जांच्या रोजच्या कामाबद्दलही थोडं. प्रमाणपत्र देणाऱ्या एका कार्यालयात आमच्या अर्जावर एक शंका आली, तिचं उत्तर दिल्यावर दुसरी आली, मग तिसरी. तिन्ही शंका पहिल्याच दिवशी विचारता आल्या असत्या, कारण तिन्ही त्याच खर्चपत्रकातल्या होत्या. न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज थोड्या दिवसांत पोचतं. इथे शंकासमाधान चालू असताना तिकडे कंटेनर उतरलेला असतो, आणि खरेदीदार रोज फोन करून विचारतो की अनामत भरून माल सोडवू का. आशियानच्या नियमांत तर माल रवाना झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत प्रमाणपत्र निघालं नाही, की त्यावर ‘मागाहून दिलेलं’ असा शेरा येतो. तसं प्रमाणपत्र पूर्ण वैध असतं, पण परदेशातला एजंट त्याच्याकडे संशयाने बघतो. म्हणून सगळ्या शंका एकदम आणि लेखी द्याव्यात, आणि त्या शंकांचं कारण करारातल्या कुठल्या नियमात आहे तेही सांगावं, असा आदेश आपण काढावा. अधिकाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी सुट्टीच्या दिवशीही फोन उचलून आमचे कंटेनर सोडवले आहेत. त्यांच्याही हातात नीट नमुना आणि नीट जाहीरपत्र असेल तर त्यांचा वेळ वाचेल.

तसंच, एकच टॉवेल, त्याच सुताचा, त्याच वजनाचा, वर्षभर जातो. दर खेपेला खर्चपत्रक का? मालाची एकदा नोंद करावी, खर्चपत्रक वर्षभर ग्राह्य धरावं, आणि सूत बदललं किंवा त्याचा वाटा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरच नवं मागावं. जॉबवर्कच्या खर्चासाठी जीएसटीची चलनं आणि बिलं पुरेशी मानावीत. आणि खर्चपत्रकात आमचा नफा असतो, तो गोपनीय राहील याची लेखी हमी द्यावी. छोट्या गावात ही भीती मोठी असते. आपला नफा बाजारात फुटेल म्हणून प्रमाणपत्रच न घेणारे लोक मला माहीत आहेत.

शिकवण्याबद्दल. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या चार ठिकाणी कापडाची जी कामं चालतात, ती एकसारखी नाहीत. इचलकरंजीचं साधं कापड, सोलापूरचा टॉवेल, दोघांचे उत्पत्तीचे नियम वेगळे पडू शकतात. दिल्लीहून इंग्रजीत होणाऱ्या वेबिनारमध्ये हे येत नाही. प्रत्येक ठिकाणी मराठीत, त्या गावाच्या मालाचं खरं खर्चपत्रक पडद्यावर घेऊन, अधिकाऱ्याने आणि सीएने मिळून भरून दाखवावं. सोलापुरात घरी तेलुगू बोलणारे विणकर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे तेलुगूतही सांगावं. ही मागणी भाषेच्या अभिमानापोटी नाही. चुकीचा निकष निवडला तर प्रमाणपत्र परत येतं, आणि निकष समजायला माणसाला आपली भाषा लागते.

या सगळ्यातून एकच गोष्ट आधी करायची असेल तर सुताचं जाहीरपत्र करा. बाकी मागण्यांना वेळ लागला तरी आम्ही थांबू. जाहीरपत्राच्या मजकुराचा एक कच्चा मसुदा आम्ही काही टॉवेल उत्पादकांनी मिळून तयार केला आहे. त्यात कापसाचा देश, सुताचा काउंट (जाडी-बारकाईचा क्रमांक), लॉट, कालावधी आणि करारांची नावं एवढेच रकाने ठेवले आहेत. तो आमच्या चेंबरमार्फत आपल्या विभागीय कार्यालयाला देत आहोत. त्यात काय कमी आहे, कायद्याच्या दृष्टीने काय बसत नाही, हे आपल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला लेखी कळवावं, आणि पुढच्या हंगामाचा कापूस गिरण्यांत येण्याआधी एखाद्या सहकारी सूतगिरणीत तो वापरून बघण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली,
सोलापुरातील एक छोटी टॉवेल निर्यातदार